मधली जागा

बाबांचे दोन स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढलेले असतात. मध्ये नुसती भिंत. पण हिराबाई बडोदेकरांची एलपी लागली, की आवाज त्या रिकाम्या भिंतीतून येतो. जुन्या तबकड्यांवरून केलेली ती मोनो एलपी. दोन्ही स्पीकर तेच आणि तेवढंच गातात. दोन कानांना फरक सापडत नाही, म्हणून मन गाणारीला मधोमध नेऊन बसवतं. लहानपणी मी त्या जागी हात फिरवून पाहिला होता.

यंदा घरात पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशी सिनेमाची व्यवस्था करायची ठरली. नवा रिसीव्हर सगळेच स्पीकर एकट्याने चालवू शकला असता. मग बाबांचा स्टिरिओ रिसीव्हर माळ्यावर गेला असता. ते मला नको होतं. त्याचं बटण फिरवताना बोटांना जो भार लागतो, तो माझ्या ओळखीचा आहे.

एका स्पीकरला दोन ॲम्प्लिफायर एकदम जोडायचे नसतात. दोन्ही जळू शकतात. तेव्हा स्पीकरच्या वायरी जुन्याकडेच राहू दिल्या. नव्याच्या पाठीमागे ‘प्री-आउट’ असतात, तिथून ताकदीविना नुसता सिग्नल मिळतो. त्यातले पुढचे डावा-उजवा जुन्याच्या ‘ऑक्स’मध्ये घातले. सिनेमा चालू असताना जुना फक्त आपल्या दोन स्पीकरांना बळ देतो. रेकॉर्ड लावायची तेव्हा नवा बंद, आणि जुना पूर्वीसारखा घरचा मालक.

अडचण आवाजाच्या बटणाची. सिनेमाच्या वेळी ते दर खेपेला त्याच जागी हवं, नाहीतर पुढचे दोन मागच्यांवर ओरडतात. आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका तिथे लावला. मग कानाच्या उंचीवर स्टुलावर माइक ठेवला. नव्या रिसीव्हरने एकेका स्पीकरला बोलतं करून अंतर मोजलं. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. आमचे मागचे स्पीकर पुढच्यांपेक्षा १७० सेंटिमीटर जवळचे, म्हणून त्यांना पाच मिलिसेकंद थांबवलं. एवढ्याशा थांबण्याने खोली एकजीव होते, हे मला फार सुंदर वाटतं.

तरीही एक बारीक घुंई येत राहिली. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डवर घेतली, तरी जाईना. शेवटी सेट-टॉप बॉक्समधली केबलची वायर उपटली, आणि खोली एकदम शांत झाली. त्या वायरीतून दुसरंच अर्थिंग घरात शिरत होतं.

अ‍ॅलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरची गोष्ट मला त्या रात्री आठवली. पडद्यावरचा नट एका बाजूला आणि आवाज भलतीकडूनच, हे सिनेमागृहात त्याला खटकलं. १९३१च्या डिसेंबरात त्याने स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९४२ साली रडारची चाचणी घेताना विमान कोसळून तो गेला, अवघ्या ३८ वर्षांचा. म्हणजे स्टिरिओची कल्पना सुचली तीच सिनेमा पाहताना. बाबांचा रिसीव्हर परक्या घरी नांदायला गेला नव्हता. माहेरी आला होता.

आता टीव्हीखाली, त्या मधल्या जागेत, संवादांचा सेंटर स्पीकर बसला आहे. पहिला सिनेमा संपल्यावर बाबा म्हणाले, “आता नवं बंद कर.” त्यांनी आवाजाचं बटण लाल ठिपक्यावरून मागे घेतलं, दुसरं बटण फोनोवर आणलं, सुई टेकवली. हिराबाईंचा पहिला सूर थेट त्या सेंटर स्पीकरमधून आला.

“अरे, हा चालूच आहे की!”

“नाही, बाबा. बंद आहे.”

ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि जाळीवर तळवा टेकवला. काही थरथरत नव्हतं. हात तसाच ठेवून ते ऐकत राहिले.