शहरात आलेले गाव

मुंबईहून विमानाने निघालेला माणूस छत्रपती संभाजीनगरला उतरतो, असे तिकिटावर लिहिलेले असते. खरे म्हणजे तो उतरतो चिकलठाण्याला. बहुतेकांना याचा पत्ताही नसतो. मंडळी मोटारीत बसतात आणि वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेला लागतात. मला मात्र लांब जायचे नव्हते. चिकलठाणा हे माझे आजोळ. जालना रस्त्याला लागलो, आणि विडा खाऊन संपण्याच्या आत मामाच्या दारात उभा राहिलो.

लहानपणी हेच अंतर केवढे मोठे वाटे! शहरात जायचे म्हणजे सकाळी लवकर भाकरी बांधून निघायचे. पावसाळ्यात इथली काळी जमीन चपला धरून ठेवी. तेव्हा गावाच्या नावातच चिखल आहे अशी आम्हां मुलांची पक्की समजूत होती. पुढे गावाच्या शिवारात औद्योगिक वसाहत आली, आणि औत हाकणाऱ्यांची पोरे भोंग्यावर कामाला जाऊ लागली. १९८२ साली औरंगाबादला महानगरपालिका झाली. शेजारच्या खेड्यांबरोबर चिकलठाणाही शहरात मोडू लागले. गाव जागचे हलले नाही. शहरच चालत त्याच्या दाराशी आले.

आज हमरस्त्यावर कारखाने, हॉटेले, मोटारींची दुकाने आहेत. पण आतल्या गल्लीत वळा. तिथे अजून दारात म्हैस बांधलेली दिसते, पारावर म्हातारे बसलेले दिसतात, आणि परका माणूस दिसला की ‘कोणाकडे आलात?’ हा प्रश्न ठरलेला. सुखना नदी मात्र ओळखू येत नाही. जिथे आम्ही डुंबलो तिथे आता सांडपाणी वाहते. पिण्याचे पाणी शहराला पैठणच्या जायकवाडी धरणातून चढवून आणावे लागते, आणि नळाला पाणी कोणत्या दिवशी, हा घरोघरी पंचांगासारखा पाहण्याचा विषय आहे.

शहराने मात्र नावे किती बदलली! मलिक अंबरने १६१० च्या सुमारास वसवले ते खडकी, औरंगजेबाच्या काळात झाले औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. चिकलठाण्याचे नाव कोणी बदलले नाही. बदलली ती जमीन.

संध्याकाळी मामा मला वावरात घेऊन गेला. पूर्वीच्या शेतातले आता दोन एकर उरले आहे. विमाने इतक्या खालून जातात की बोलणे मध्येच थांबवावे लागते. इथे कोणी २६ एप्रिल १९९३ विसरलेले नाही. त्या दिवशी उड्डाण घेणारे विमान धावपट्टीच्या टोकाजवळच्या रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले आणि पुढे कोसळले. ५५ माणसे गेली. मामाने धूर पाहिला होता. तो त्याविषयी फार बोलत नाही.

बांधावर बसल्यावर तो म्हणाला, “भाचेबुवा, पोरं म्हणायलेत, इकून टाका. भाव चांगला आलाय. तू जग पाह्यलंस. काय करावं सांग.”

मला उत्तर सुचेना. म्हणून मी बर्लिनची हकिकत सांगितली. भाचीकडे गेलो होतो तेव्हा तिने मला रिक्सडॉर्फ दाखवले. पूर्वीचे खेडे, १७३७ साली धर्मासाठी देशोधडीला लागलेले बोहेमियाचे लोक तिथे वसले. नाचगाण्याच्या अड्ड्यांमुळे नाव बदनाम झाले म्हणून १९१२ साली त्याचे नॉयकोल्न केले, आणि १९२० साली ते बृहद्बर्लिनमध्ये गेले. पण चोहीकडे महानगर असूनही गावचा चौक तसाच आहे, लोहाराचा भाता अजून दाखवतात. आणि मौज अशी, की त्याच्याही शेजारी विमानतळ! टेम्पलहोफचा. तो २००८ साली बंद झाला. मैदानाच्या कडेने घरे बांधायचा बेत निघाला, तेव्हा २०१४ साली लोकांनी मते टाकून तो मोडला. आज धावपट्टीवर पोरे पतंग उडवतात.

मामाने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. “म्हणजे वावर राखलं म्हण की त्यांनी!”

“राखलं.”

“मतं टाकून?”

“हो.”

“आमच्या घरात बी मतं झाली. तिघं इकायचं म्हणतात. राखायचं म्हणणारा मी एकला.” आणि तो मोठ्याने हसला. मला काही हसू आले नाही. पोरांचेही चुकत नव्हते. धाकट्याची मुलगी पुण्याला शिकते. दोन एकरांच्या ज्वारीवर तिची फी निघत नाही. बर्लिनच्या मैदानावर कोणाच्या घरची चूल अवलंबून नव्हती, हे मी मामाला सांगायचे राहूनच गेले.

निघताना मामीने नव्या बाजरीचे गाठोडे हातात दिले. विमान उठले तशी मी खिडकीशी वाकून पाहिले. कारखान्यांची पत्र्याची छपरे, दाट वस्ती, आणि मध्ये एक नांगरलेला काळा तुकडा. पुढच्या दिवाळीला तो तिथे असेल की नाही, सांगता येत नाही. या वर्षी मात्र मामा ज्वारी पेरणार आहे.