जमीन उचगावची, नोटीस इन्कम टॅक्सची

शेतीवर टॅक्स नसतो, मग ही नोटीस कशाची? जमीन विकलेला बेळगावजवळच्या उचगावचा शेतकरी सल्लागाराकडे येतो तो हाच प्रश्न घेऊन. ३० लाख किंवा त्याहून मोठ्या रकमेचं खरेदीखत झालं, की सबरजिस्ट्रार ते इन्कम टॅक्सला कळवतो. बचत खात्यात वर्षभरात १० लाखांची रोकड जमा झाली, की बँकही कळवते. खात्याच्या संगणकाला रक्कम दिसते, शेत दिसत नाही. अशी नोटीस बहुतेक वेळा फक्त माहिती मागते. घाबरून ती फडताळात टाकणं सर्वांत घातक.

आधी ती खरी आहे का, हे पाहावं. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर ‘डिन’ (डॉक्युमेंट आयडेंटिफिकेशन नंबर) हा क्रमांक असतो आणि तो खात्याच्या पोर्टलवर लॉगिन न करताही पडताळता येतो.

पुढचा सारा निकाल अंतरावर लागतो. ग्रामीण शेतजमीन कायद्याच्या लेखी भांडवली मालमत्ता नाही, म्हणून तिच्या विक्रीच्या नफ्यावर कर नाही. पण ग्रामीण कुठली? एक ते दहा लाख लोकसंख्येच्या शहराभोवती सहा किलोमीटरचा पट्टा त्यातून वगळलेला आहे. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या जवळ होती, म्हणजे इथे सहाचाच हिशेब. तो महापालिकेच्या हद्दीपासून करायचा, शहरातल्या चन्नम्मा सर्कलपासून नव्हे. आणि सरळ हवाई रेषेत. उचगावकडे जाणाऱ्या वेंगुर्ला रस्त्याने गाडीच्या मीटरवर दिसलेल्या किलोमीटरवर विसंबून चालत नाही. हवाई अंतराचा हा नियम २०१४-१५ या करनिर्धारण वर्षापासूनचा. त्याआधीच्या व्यवहारांना तो लावता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ठरवलं आहे. एकाच गावात एका सर्व्हे नंबरला कर आणि दुसऱ्याला माफी, असंही होऊ शकतं.

सीमाभागात आणखी एक पेच असतो. माणूस मराठी, उतारा कन्नड, नोटीस इंग्रजी. उताऱ्यावरची पिकाची नोंद हा शेती होत असल्याचा मोठा पुरावा. पण तपासणी फेसलेस, म्हणजे समोरासमोर न येता ऑनलाइन, झाल्यापासून तो वाचणारा अधिकारी देशात कुठेही बसलेला असू शकतो. म्हणून उताऱ्याचं इंग्रजी भाषांतर, खरेदीखत, पासबुक आणि अंतराचा तहसीलदाराचा किंवा भूमापन खात्याचा दाखला एकत्र जोडावा लागतो. माझ्या मते हे भाषांतर खात्यानेच करून घ्यायला हवं. सरकारचाच उतारा सरकारला समजावा, यासाठी शेतकऱ्याने पदरचे पैसे मोडणं अन्यायाचं आहे.

दाखला हातात पडायला वेळ लागतो. तोवर गप्प न बसता पोर्टलवरूनच मुदतवाढ मागावी. उत्तरच दिलं नाही, तर दर चुकीला १०,००० रुपयांचा दंड होऊ शकतो आणि अधिकारी स्वतःच्या अंदाजाने कर ठरवून मोकळा होतो. त्या आदेशावर ३० दिवसांत अपील करता येतं. मात्र तिथे नवे कागद सहजासहजी घेत नाहीत, ते आधी का दिले नाहीत याचं सबळ कारण दाखवावं लागतं.