माईक खाली, बॅट वर?

१ मे २०२३. महाराष्ट्र दिन, त्यात सोमवार. म्हणजे सलग तीन दिवस सुट्टी! आपल्यापैकी बरेच जण सोफ्यावर आडवे होऊन आयपीएल बघत होते. आणि नेमक्या त्याच दिवशी आपल्या पुण्याच्या केदार जाधवला नवा जॉब लागला. त्या मोसमात त्याच्याकडे संघ नव्हता. तो जिओसिनेमावर मराठीतून समालोचन करत होता, तेही मस्त, गप्पा मारल्यासारखं. तेवढ्यात रॉयल चॅलेंजर्स बॅंगलोरचा डेव्हिड विली जखमी झाला आणि त्याच्या जागी त्यांनी केदारला बोलावलं. किंमत एक कोटी. कालपर्यंत ‘हा शॉट इथे खेळायला नको होता’ असं सांगणारा माणूस आज स्वतः ड्रेसिंग रूममध्ये!

सोशल मीडियाने व्हायची तेवढी मजा करून घेतली. कुणी म्हणालं, आता आपणही कॉमेंट्री करायला घ्यावी, फोन येईल. कुणाला दया आली. अडतिसाव्या वर्षी कशाला? एवढं नाव कमावलंय, शांतपणे माईक धरून बसावं की!

मला मात्र तो फोन हेवा वाटावा असा वाटला. कारण सोपं आहे. सोडलेल्या गोष्टीकडून परत बोलावणं येणं, ही चैन किती जणांच्या वाट्याला येते?

केदारने तेव्हा निवृत्ती जाहीर केलेली नव्हती, हे खरं. पण भारताकडून त्याची शेवटची वनडे होती फेब्रुवारी २०२०मध्ये, ऑकलंडला. त्याच वर्षीच्या आयपीएलमध्ये चेन्नईकडून आठ सामन्यांत ६२ धावा झाल्या आणि लोकांनी त्याला सोलून काढलं. तेव्हा हा ‘संपला’ असं बहुतेकांनी ठरवूनच टाकलं होतं. गंमत म्हणजे आपण विसरून गेलो होतो की परत येणं हाच तर या माणसाचा खास शॉट! एप्रिल २०१८, वानखेडे. मुंबईविरुद्ध स्नायू दुखावला म्हणून बाहेर गेला, शेवटी एका पायावर परत आला आणि मॅच जिंकूनच थांबला. त्याच वर्षी सप्टेंबरात दुबईला आशिया कपची फायनल. बांगलादेशविरुद्ध पुन्हा तेच. लंगडत बाहेर, लंगडत आत, आणि शेवटच्या चेंडूवर विजयी धाव. आणि मे २०२३ला तो काही थेट सोफ्यावरून उठून गेला नव्हता. त्याच जानेवारीत रणजीमध्ये आसामविरुद्ध त्याने २८३ धावा ठोकल्या होत्या. बॅटला तेल लागलेलं होतं.

पण निकाल? दोन सामने, बारा धावा. बस्स. ३ जून २०२४ला, दुपारी तीनपासून मला निवृत्त समजा, असं सांगून त्याने सगळ्याच क्रिकेटला रामराम केला.

मग जायला हवं होतं की नव्हतं? ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हा वाद दहा मिनिटांत मिटला असता. माझ्यासाठी तो मिटला नाही, कारण हाच प्रश्न आमच्या घरात आला. तोही थेट कळंबहून.

कळंब म्हणजे नालासोपाऱ्याला उतरायचं, पश्चिमेकडून रिक्षा किंवा बस पकडायची, निर्मळ मागे टाकलं की हवा खारट व्हायला लागते, ते आमचं कळंब. तुमच्यासाठी वीकेंडचं रिसॉर्ट आणि सुरूच्या झाडांखालचे फोटो. माझ्या मावसभावासाठी अख्खं आयुष्य. ओहोटीला वाळू टणक होते, तिथे स्टंप ठोकून तो बॅट धरायला शिकला. पुढे टेनिस क्रिकेटमध्ये त्याने असं नाव काढलं की वसई-विरार पट्ट्यात कुठेही मॅच असो, याला न्यायला गाडी यायची. घरात ट्रॉफ्या इतक्या की मावशी वैतागून म्हणायची, यांची पितळ असती तर मोड तरी आली असती! लेदर बॉलच्या वाटेला तो कधी गेला नाही. त्यासाठी रोज पहाटे किट घेऊन विरार लोकलमध्ये शिरावं लागतं. त्याला त्याच लोकलने नोकरीला जायचं होतं.

मग लग्न, होम लोन, मुलगी. मग उजव्या गुडघ्याचं लिगामेंट. खेळ सुटला आणि हातात माईक आला. टेनिस क्रिकेटचं गावाकडचं समालोचन ऐकलंय कधी? मंडपात प्लास्टिकची खुर्ची, कर्कश स्पीकर, समोर चहाचा ग्लास. चेंडू, धावा, मध्येच देणगीदारांची नावं, मध्येच ‘एमएच अठ्ठेचाळीस पांढरी गाडी काढा’. आता तर मॅच यूट्यूबवर लाईव्ह जाते, दुबईला नोकरी करणारी मुलंही बघतात. आमचा दादा यात भारी निघाला. ज्याने स्वतः खेळलंय त्याला बॉलरच्या पोटातलं कळतं. आकाशवाणीवर मराठी समालोचन ज्यांनी घराघरांत नेलं ते बाळ ज. पंडितही आधी महाराष्ट्राकडून रणजी खेळले होते.

तर, परवाच्या सीझनला फायनलच्या आधी टीमच्या ओपनरचं बोट मोडलं. कॅप्टन रात्री घरी आला. “दादा, रविवारी तूच ये.” दादाचं वय किती? अडतीस! केदारएवढंच.

रात्री साडेअकराला मला फोन. “खेळू का रे?” मागून वहिनींचा आवाज. “विचार त्याला, गुडघ्याचं बिल पण तोच भरणार आहे का!”

आता सांगा, काय उत्तर द्यायचं?

मी क्रिकेटची जुनी उदाहरणं काढली. बॉबी सिम्पसन आठवतो? १९६८मध्ये निवृत्त झालेला ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन. १९७७मध्ये केरी पॅकरने अर्धी टीम पळवली आणि बोर्डाने याला हाक मारली. वय एक्केचाळीस. समोर बेदी, चंद्रशेखर, प्रसन्ना. पठ्ठ्याने पाच टेस्टमध्ये दोन शतकांसह ५३९ धावा केल्या, सीरीज ३-२ने जिंकली. इथे थांबला असता तर सिनेमा झाला असता. तो पुढे वेस्ट इंडीजलाही गेला. तिथले फास्ट बॉलर काही वय बघून बॉल टाकत नव्हते.

अमेरिकेत तर सेम टू सेम केदारची केस आहे. तिकडच्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे कॅप्टन आणि मुख्य बॅट्समन एकाच माणसात. प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुरू होते. जे कटलर नावाचा असा एक क्वार्टरबॅक २०१७मध्ये खेळ सोडून फॉक्स चॅनेलवर समालोचक व्हायला निघाला होता. पहिली मॅच बोलण्याआधीच मायामी डॉल्फिन्सच्या क्वार्टरबॅकचा गुडघा गेला. कटलरला एका वर्षासाठी एक कोटी डॉलर मिळाले. तो गेला, टीम सोळापैकी दहा सामने हरली, आणि त्यानंतर तो कायमचा थांबला.

आणि आपला दिनेश कार्तिक? जून २०२१मध्ये साउथॅम्प्टनला वर्ल्ड टेस्ट चॅम्पियनशिपच्या फायनलची कॉमेंट्री करत होता. सगळ्यांना वाटलं, भाईला नवीन करिअर सापडलं. पुढच्याच वर्षी तो फिनिशर म्हणून भारताच्या टी-ट्वेंटी टीममध्ये आणि वर्ल्ड कपलाही! पण त्याच्या डोक्यात फिनिशरचा रोल ठरलेला होता. शेवटच्या चार-पाच ओव्हर्स, तेवढंच. त्याची त्याने तयारी केली होती.

ही सगळी उदाहरणं शेजारी ठेवली की एक गोष्ट दिसते. ‘अजून जमेल का?’ हा प्रश्न आपण उगाच मोठा करतो. जमेल की नाही ते पहिल्या सहा चेंडूंत कळतं. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. हाक कुणी मारली? टीमने, की आपल्याच अहंकाराने? काम नेमकं काय, आणि ते किती दिवसांचं? आणि सगळ्यात नकोसा प्रश्न, तो म्हणजे आपण गेलो तर बाहेर कोण बसतं?

कारण माईक सोडून मैदानात उतरणाऱ्याची जागा आकाशातून पडत नाही. कळंबच्या टीममध्ये एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. अख्खा सीझन पाणी नेत, बाउंड्रीवरून बॉल आणत बसलेला. ओपनरचं बोट मोडलं तेव्हा खरं तर त्याचा नंबर लागत होता. दादाला हे माहीत होतं. म्हणूनच फोन मला आला होता. गुडघ्याची भीती असती तर त्याने डॉक्टरला केला असता.

मी सांगितलं, जा. एकदाच जा, रविवारपुरता. पण त्या पोराशी आधी स्वतः बोल, कॅप्टनला बोलायला लावू नकोस. आणि वहिनींना मैदानात ने. घरी बसवून त्यांना स्कोअर विचारायला लावू नकोस.

तो तीन दिवस पहाटे ओहोटीच्या वाळूवर धावला. त्या पोराशीही बोलला. पोरगा ‘ठीक आहे दादा’ म्हणाला आणि खाली बघत राहिला. त्यात ठीक काही नव्हतं, हे दोघांनाही कळलं.

फायनल झाली. सहा ओव्हर्सची मॅच. दादाने सात चेंडूंत अकरा धावा केल्या. त्यात एक सिक्स, सुरूच्या झाडांच्या दिशेने, जुन्या दिवसांसारखा. मग मिडविकेटला कॅच. मॅच हरलो, नऊ धावांनी. तो पोरगा खेळला असता तर जिंकलो असतो का? कुणालाच माहीत नाही, आणि टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र हे सगळ्यांनाच माहीत होतं!

वहिनी बाउंड्रीजवळ उभ्या होत्या. सिक्स गेला तेव्हा मुलीने विचारलं, “बाबा नेहमी असंच मारायचे?” या एका प्रश्नासाठी तो खेळला असेल, तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

पुढच्या सीझनला लिस्टमध्ये त्याने नाव दिलं नाही. कॅप्टनला सांगून त्या पोराला ओपनिंगला पाठवलं, आणि स्वतः मंडपात आपल्या खुर्चीवर बसला. समालोचन बदललंय त्याचं. पूर्वी कॅच सुटला की म्हणायचा, ‘हा तर लहान मुलानेही घेतला असता.’ आता म्हणतो, ‘सूर्य डोळ्यांवर होता, बॉल शेवटी वाऱ्याने वळला.’ खुर्चीवरून क्रिकेट फार सोपं दिसतं हो. मैदानात एक दिवस काढला की तोंडाला आपोआप लगाम बसतो.

ऑफिसातही हे चालूच असतं की. मॅनेजर झालेला माणूस एखाद्या शुक्रवारी रात्री टीम अडकली म्हणून स्वतः कोड लिहायला बसतो. सेल्स सोडून ट्रेनिंगला गेलेली मॅडम एका क्लायंटसाठी पुन्हा फील्डवर जाते. त्यांना बघून कुजबुज होते, ‘यांना सोडवत नाही.’ बोलावणं आलं असेल, काम ठरलेलं असेल, आणि सोमवारी खुर्ची पुन्हा ज्युनियरला मिळणार असेल, तर जाऊ द्यावं त्यांना. ते सोमवारी अधिक शहाणे बॉस होऊन परततात. प्रॉब्लेम येतो तो मंगळवारीही त्याच खुर्चीत बसलेल्यांचा.

म्हणून केदारच्या त्या बारा धावांना मी हसत नाही. टीम अडचणीत होती, बोलावणं आलं, तो गेला. वर्षभराने, कुणी जा म्हणायच्या आत, स्वतःच वेळ सांगून थांबला. २०१७च्या जानेवारीत पुण्यात इंग्लंडविरुद्ध ३५१चा पाठलाग करताना त्याने ७६ चेंडूंत १२० काढल्या होत्या, ती खेळी त्या बारा धावांनी एका धावेनेही कमी झालेली नाही.