दहा गुंठ्यांची अट

गरिबांची मुले वर्षाची झाली की श्रीमंतांनी ती खाण्यासाठी विकत घ्यावीत, म्हणजे आईबापांच्या हाती चार पैसे येतील आणि देशावरचा भारही हलका होईल, अशी सूचना १७२९ साली एका गृहस्थाने छापून प्रसिद्ध केली. हे गृहस्थ म्हणजे डब्लिनच्या चर्चमधील धर्माधिकारी जोनाथन स्विफ्ट. सर वर्गात हे सांगू लागले तेव्हा खसखस पिकली. मीही हसले. मुले किती, खर्च किती, नफा किती, असा सारा हिशेब स्विफ्ट इतक्या गंभीर चेहऱ्याने मांडतो की हा उपरोध आहे हे कळायलाच वेळ लागतो. आयरिश दारिद्र्याकडे नुसत्या आकड्यांतून पाहणाऱ्यांची त्याने केलेली ती टर होती.

पुढे ग्रंथालयात आयर्लंडचा इतिहास वाचला आणि हसू पार मावळले. स्विफ्टने थट्टेत मांडला तसला हिशेब पुढे सव्वाशे वर्षांच्या आत सरकारने खरोखरच मांडला होता.

तिथला गरीब कुळवाडी बटाट्यावर जगे. कष्टकरी गडी दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई, सोबत मिळाले तर ताक. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला आणि १८४६ साली तर जवळजवळ सगळे पीक शेतातच सडले. पण त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून ओट, लोणी आणि जनावरे इंग्लंडला जात होती. ती जमीनदारांच्या खंडाची आणि व्यापाऱ्यांच्या मालकीची, म्हणून त्यांना हात लावायचा नाही! १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारने सुपाची केंद्रे उघडली. रोज सुमारे तीस लाख लोक तिथे जेवत. म्हणजे मनात आणले तर जमत होते. शरद ऋतू आला आणि केंद्रे बंद झाली.

त्याच वर्षी कायद्यात एक कलम आले. पाव एकराहून अधिक जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत नाही. पाव एकर म्हणजे आपले दहा गुंठे. हे कलम सुचवणारे विल्यम ग्रेगरी. ज्या लेडी ग्रेगरींचे नाव आपण येट्सबरोबर वाचतो, त्यांचे हे पुढे झालेले यजमान. आमची जमीन तीस गुंठे, तीही कोरडवाहू. मी वडिलांना विचारले, "वीस गुंठे सोडली तरच धान्य मिळेल म्हटलं, तर तुम्ही काय कराल?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अन् पुढल्या साली काय खायचं?" इतिहासाच्या पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर आहे. लोकांनी जमिनी सोडल्या, जमीनदारांनी त्यांची घरे पाडली आणि माणसे रस्त्यावर आली.

मदतकार्याची किल्ली लंडनच्या अर्थखात्यातील चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांच्या हाती होती. फुकट दिले तर लोक आळशी होतील, ही त्यांना मोठी धास्ती. १८४८ साली त्यांना 'सर' ही पदवी मिळाली आणि १८५९ साली ते मद्रासचे गव्हर्नर होऊन आले. ते मेकॉलेचे मेहुणे, आणि हिंदुस्थानात इंग्रजी शिक्षण आणण्याचे कट्टर पुरस्कर्ते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ज्या इंग्रजीतून मी ही भूक वाचली तिच्यामागेही हेच गृहस्थ! याचे काय करावे ते मला अजून उमगलेले नाही.

सुमारे दहा लाख माणसे मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. आयरिश भाषेत या काळाला 'मोठी भूक' असे म्हणतात. आपण 'दुष्काळ' म्हणतो आणि सारा दोष काळावर ढकलून मोकळे होतो. त्यांचा शब्द मला अधिक खरा वाटतो. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माझी आजीसुद्धा पावसाविषयी फारसे बोलत नाही. ती बोलते रेशनच्या तांबड्या मिलोविषयी, त्याच्या न जमणाऱ्या भाकरीविषयी. आयर्लंडमध्येही अमेरिकेतून मका आणला होता. तो कसा दळावा, कसा शिजवावा हे कुणाला ठाऊक नव्हते, पोटे दुखत. लोकांनी पंतप्रधानांच्या नावावरून त्याला 'पीलचे गंधक' म्हटले.

लियम ओफ्लाहर्टी यांची १९३७ सालची 'फॅमिन' ही कादंबरी मी शब्दकोश जवळ घेऊन वाचली. आकडे तिथे संपतात आणि किलमार्टिनांचे घर सुरू होते. सून मेरी घरात येते, चुलीचा ताबा घेते, आणि म्हातारा सासरा ब्रायन कुरकुरतो. ही पाने तर आमच्याच आळीतली वाटली. पुढे चूल थंडावत जाते तशी मेरी कठोर होत जाते. तिला तान्हे मूल जगवायचे आहे. ती नवऱ्याला आणि मुलाला घेऊन अमेरिकेच्या बोटीत बसते. ब्रायन मात्र जमीन सोडून जात नाही. म्हातारी मरते, तेव्हा तिला पुरायलाही कुणी उरलेले नसते. तो स्वतःच फावडे घेऊन थंडीने कडक झालेली जमीन उकरू लागतो, आणि तिथेच कोसळतो.

(द्वितीय वर्ष, कला)