अंगण खरंच वाकडं असेल तर?

२०२४ चा नाताळ. नेहमीची चार कुटुंबं ह्यूस्टनला आमच्या घरी जमली होती. ओट्यावर बिर्याणीचं पातेलं, हॉलमधे टीव्हीवर फुटबॉल (आपला नव्हे हो, अमेरिकेतला, चेंडू हातात धरून पळायचा). बाल्टिमोरच्या रेव्हन्सनी आमच्या टेक्सन्सना आमच्याच मैदानावर ३१-२ असं धुतलं. टेक्सन्सचा क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड. आदल्या वर्षी पदार्पणातच सगळ्या गावाला वेड लावलेला पोरगा. त्याची त्या दिवशी पार रया गेली होती. मित्राचा सतरा वर्षांचा मुलगा सोफ्यावर लोळत म्हणाला, "काका, हा संपला. पहिल्या वर्षी नुसतं नशीब होतं."

मी काहीतरी बोलणार होतो, पण गप्प बसलो. वीसेक वर्षांपूर्वी याच गावात, असाच सोफ्यावर बसून, मी एका पोराचा निकाल लावून टाकला होता. त्याचं नाव डेव्हिड कार.

मी २००१ मधे इथे आलो तेव्हा ह्यूस्टनला फुटबॉलचा संघच नव्हता. जुना ऑइलर्स नावाचा संघ मालकाने १९९७ मधे टेनेसीला उचलून नेला होता. त्याचं दुःख लोक अजून घरातलं कुणी गेल्यासारखं सांगत. २००२ मधे टेक्सन्स हा नवा कोरा संघ आला आणि नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला मान त्यांना मिळाला. त्यांनी घेतला फ्रेस्नोचा डेव्हिड कार. देखणा, उंच, बावीस वर्षांचा. आठ सप्टेंबर २००२ ला पहिलाच सामना शेजारच्या डॅलस काउबॉइजशी, आणि हे लोक १९-१० ने जिंकले की! ऑफिसमधे दुसऱ्या दिवशी काम झालं नाही. मला नियम धड कळत नव्हते, पण मीसुद्धा हात उंचावून टाळ्या दिल्या.

सांगलीच्या मंडळींसाठी थोडं सांगतो. क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू आला की तो चार पावलं मागे जातो, पुढे पळणाऱ्या आपल्या गड्यांपैकी कोण मोकळा आहे ते बघतो आणि फेकतो. त्याच्या पुढे पाच धिप्पाड माणसं भिंतीसारखी उभी असतात. समोरून तेवढेच धिप्पाड लोक ती भिंत फोडायला येतात. भिंत टिकली तर याला अडीच-तीन सेकंद मिळतात. नाही टिकली तर चेंडू हातात असतानाच हा खाली आणि याच्या अंगावर सव्वाशे किलोचा मनुष्य. याला म्हणतात सॅक. कबड्डीत पकड होते तसं, फरक एवढाच की कबड्डीवाला निदान पकडणाऱ्यांकडे तोंड करून असतो. याचे डोळे लांब मैदानात असतात, आणि मार बरेचदा न दिसणाऱ्या बाजूने येतो.

पहिल्या मोसमात डेव्हिड कार ७६ वेळा सॅक झाला. सोळा सामन्यांत. सामन्याला जवळजवळ पाच. एका मोसमातला तो या लीगचा विक्रम आहे. आणि पठ्ठ्या सोळाच्या सोळा सामने खेळला.

भिंत नव्हतीच. इतर संघांनी सोडलेल्या खेळाडूंतून टेक्सन्सनी सर्वात आधी उचलला तो टोनी बोसेली. हा असा गडी की पुढे २०२२ मधे त्याचं नाव हॉल ऑफ फेममधे लागलं. क्वार्टरबॅकची ती न दिसणारी बाजू सांभाळणं हेच त्याचं काम. पण खांदा कामातून गेलेला. टेक्सन्ससाठी तो एकही सामना खेळला नाही. म्हणजे घर बांधताना पहिला खांब आणला तोच मोडका.

पुढची वर्षं भराभर सांगतो. २००३ बरं गेलं. २००४ मधे सात विजय, गावात आशा. २००५ मधे सोळापैकी दोन विजय आणि कार ६८ वेळा सॅक. पाच वर्षांत मिळून २४९. हे आकडे मला अजून पाठ आहेत, बायकोचा फोन नंबर नाहीये.

त्या काळात माझं मत पक्कं होतं. कार घाबरट आहे. चेंडू हातात धरून बसतो. भिंत वाईट, भिंत वाईट म्हणून किती दिवस सांगणार? माझी आई असती तर म्हणाली असती, नाचता येईना अंगण वाकडं. ऑफिसच्या कॅफेटेरियात मी ही म्हण इंग्रजीत समजावून सांगून हशासुद्धा मिळवला होता.

मग २००५ च्या मोसमात एका मित्राला बरं नव्हतं म्हणून त्याचं तिकीट माझ्याकडे आलं. सगळ्यात वरच्या मजल्यावरची जागा. तोपर्यंत मी हा खेळ फक्त टीव्हीवर बघितला होता, आणि टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो. चेंडू कारच्या हातात, म्हणून चित्रात कार. तो उभा, तो चाचपडतोय, तो पडला. झालं, त्याचीच चूक! वरून मात्र अख्खं मैदान दिसत होतं. चेंडू त्याच्या हातात यायच्या आत भिंतीची उजवी बाजू उघडी पडलेली दिसायची. पुढे पळणारे तिघेही झाकलेले दिसायचे. फेकणार कुणाला? माझ्या तोंडून एकदा मराठीतून "अरे, सोडा रे त्याला!" असं निघालं. शेजारचा टोपीवाला दचकला.

इथेच थांबलो असतो तर गोष्ट सोपी होती. बिचारा कार, दुष्ट भिंत. पण त्याच दिवशी दुसऱ्या अर्ध्यात एक खेळी अशी झाली की भिंत नीट उभी होती. डावीकडे एक गडी साफ मोकळा होता, वरून मला तो दिसत होता. आणि कार त्याच्याकडे बघतच नव्हता. तो भिंतीकडे बघत होता. कुठून येणार, ते शोधत होता. कुणीही येत नव्हतं. त्याने घाईघाईने जवळच्या माणसाकडे चेंडू टाकला, दोन यार्ड मिळाले. सामना अर्थातच हरले.

आता सांगा, ही चूक कुणाची? सामन्याच्या हिशोबात ती कारची. पण २००२ च्या सप्टेंबरात जो आला होता, त्याने तिकडे बघितलं असतं की नाही? मला खरंच सांगता येत नाही. सॅम डार्नोल्ड नावाचा दुसरा एक तरुण क्वार्टरबॅक २०१९ मधे न्यूयॉर्क जेट्सकडून ३३-० असा हरत असताना बाकावर बसून म्हणाला होता की मला भुतं दिसतायत. अंगावर माइक लावलेला होता, साऱ्या देशाने ऐकलं, महिनोन् महिने थट्टा झाली. तोच डार्नोल्ड २०२४ मधे चांगल्या संघात गेला नि चौदा सामने जिंकून बसला. शिकागोच्या कॅलेब विल्यम्सचंही तसंच. २०२४ मधे पहिल्याच वर्षी ६८ सॅक, म्हणजे बरोबर कारचा २००५ चा आकडा. २०२५ च्या मोसमात नवा प्रशिक्षक, पुढच्या फळीत नवी माणसं, आणि त्याच पोराच्या संघाचे ११ विजय. म्हणजे भुतं जातात. वेळेवर घर बदललं तर.

कारच्या बाजूने बोलायला लागलो की मला स्वतःलाच आडवं यावं लागतं. २००६ मधे नवे प्रशिक्षक आले, सॅक कमी होऊन ४१ वर आले, त्याचे ६८ टक्क्यांहून जास्त पास बरोबर पोचले, लीगमधे सर्वात जास्त. एका सामन्यात ओळीने २२ पास अचूक. तरी संघ हरायचाच, कारण पास सगळे जवळचे. लांब बघायची सवयच मोडली होती. २००७ मधे त्याला सोडून मॅट शॉबला आणलं आणि २००९ मधे शॉबने अख्ख्या लीगमधे सर्वाधिक यार्ड काढले. मग कारच्या कैवाऱ्यांनी काय म्हणायचं? तोवर भिंतही बदलली होती, हे खरं. शॉब चेंडू लवकर सोडायचा, हेही खरं. दोन्ही सुटं करून मोजायचा तराजू कुणाकडेच नाही. कार पुढे इतर संघांत बहुतेक राखीव म्हणूनच राहिला. न्यूयॉर्क जायंट्सबरोबर २०११ च्या मोसमातली विजेतेपदाची अंगठी मिळाली, ती बाकावर बसून.

त्याचा धाकटा भाऊ डेरेक तेव्हा इथेच शुगरलँडच्या शाळेत खेळायचा, आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. तो २०१४ मधे ओकलंडच्या रेडर्सकडे गेला. तोही दरिद्री संघ, पहिले दहा सामने ओळीने हरले. पण डेरेक वर्षभरात सॅक झाला फक्त २४ वेळा. चेंडू हातात आला की सोडलाच. २०२५ मधे निवृत्त होईपर्यंत अकरा वर्षं खेळला. लहानपणी भावाला दर रविवारी पडताना बघून तो हे शिकला असेल का? माझा आपला अंदाज.

असो. खरं सांगायचं ते वेगळंच आहे.

त्याच २००५ साली माझ्या हाताखाली नाशिकचा एक मुलगा होता. शिक्षण संपवून नुकता लागलेला. ऑफिसात नावाने हाक मारायचा, बाहेर पडलं की "दादा". त्याला आम्ही एका बुडत्या प्रोजेक्टवर घातला. आधीचे दोघं सोडून गेलेले, ग्राहक रोज फोनवर ओरडणारा, आणि तो फोन घ्यायचा याने. वर्षाअखेरी त्याच्या मूल्यमापनात मी लिहिलं, "निर्णय घ्यायला कचरतो." तीन शब्द. खोटे नव्हते. तो कचरायचाच, ईमेल पाठवण्याआधी तीनदा मला दाखवायचा. सुरुवातीला तसा नव्हता, हे मला माहीत होतं, पण फॉर्मवर त्याला रकाना नव्हता. आणि भिंत म्हणून त्याच्यापुढे उभं राहायचं काम कुणाचं होतं, तर माझं. त्यालाही रकाना नव्हता.

स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरून मी ते सगळं बघितलं त्यानंतर तीनच आठवड्यांनी मी तो फॉर्म भरला. दोन्ही गोष्टी जोडाव्यात असं डोक्यातही आलं नाही. त्या मुलाची पगारवाढ अडली, सहा महिन्यांत तो सिअॅटलला निघून गेला. जाताना घरी आला, वाकून नमस्कार केला, बायकोने लाडू बांधून दिले. आता मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याच्या हाताखाली चाळीस माणसं आहेत म्हणे. दिवाळीला न चुकता फोन करतो, "दादा, तुमच्याकडे खूप शिकलो," म्हणतो. ते तीन शब्द कुणी लिहिले, ते त्याला ठाऊक आहे की नाही, कोण जाणे. मी कधी सांगितलेलं नाही.

नाताळच्या त्या दिवशी मित्राचा मुलगा शेवटी म्हणाला, "मग काका, तो कार चांगला होता की वाईट? एक काय ते सांगा." मी म्हटलं, "नाही सांगता येत." त्याने आईकडे असं बघितलं की काकांचं वय झालं. :)

सिअॅटलवाला पुढच्या महिन्यात कामासाठी ह्यूस्टनला येतोय. मुक्काम आमच्याकडेच. रविवारी टेक्सन्सचा सामना आहे, जाऊ या का, असं त्यानेच विचारलंय. मी वरच्या मजल्यावरची तिकिटं काढलीत.