ही वस्तू इथे आली कशी?

इटलीला जाणाऱ्या आपल्याकडच्या सहलींत नेपल्स हे शहर बहुधा पाँपेई आणि काप्री यांच्यामधला एक थांबा असतं. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस यांच्या वाट्याला दिवस येतात. नेपल्सच्या वाट्याला दुपारचा पिझ्झा. गोंगाट, अरुंद गल्ल्या आणि खिसेकापूंच्या दंतकथा यांमुळे या शहराबद्दल आधीच एक धास्ती घेऊन आपण तिथे उतरतो. पण संग्रहालय कसं पाहावं हे शिकायचं असेल, तर इटलीतलं दुसरं कुठलंही शहर मी नेपल्सच्या आधी सुचवणार नाही. तिथली संग्रहालयं पाहताना माझं एक मत पक्कं झालं. वस्तू किती जुनी आणि किती सुंदर, हे प्रश्न आपण विचारतोच. त्यांच्याआधी, ती इथे आली कशी, हे विचारायला हवं. काचेखालच्या पाटीवर काळ, माध्यम आणि उंची असते, पण वस्तूचा प्रवास क्वचितच असतो. नेपल्समध्ये हा प्रवास जाणून घेतला नाही, तर समोर दिसतं आहे ते नेमकं काय, हेही नीट कळत नाही.

राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयापासूनच सुरुवात करू. ही इमारत आधी घोडदळासाठी बांधायला घेतलेली, मग 1616 पासून दीडशेहून अधिक वर्षं विद्यापीठ, आणि त्यानंतर बोर्बन राजांचं संग्रहालय. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियमचं पद्धतशीर खोदकाम 1738 मध्ये सुरू झालं, पाँपेईचं 1748 मध्ये. पद्धतशीर म्हणजे त्या काळाच्या मानाने. खोदणाऱ्यांना शहर शोधायचं नव्हतं. राजाच्या संग्रहासाठी चिजा हव्या होत्या. बोगदे खणायचे, भिंतीवरचं चांगलं चित्र दिसलं की तेवढा तुकडा कापून काढायचा, चौकटीत बसवायचा आणि पुढच्या खोलीकडे वळायचं. जी चित्रं निवडली गेली नाहीत ती दुसऱ्या कुणाच्या हाती पडू नयेत म्हणून जागेवरच नष्ट करण्याचाही प्रकार काही वर्षं चालला. संग्रहालयातलं, त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या स्ताबियाचं ‘फ्लोरा’ हे चित्र बघा. पाठमोरी, अनवाणी, फूल खुडत निघालेली ती तरुणी पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर इतकी छापली गेली आहे की प्रत्यक्षात चित्र वहीच्या पानाएवढं आहे याचं आश्चर्य वाटतं. हिरव्या पार्श्वभूमीवर ती एकटीच असल्यामुळे चित्रकाराने मुद्दाम एक सुटं, आटोपशीर चित्र काढलं असावं, असा समज होतो. वास्तविक ती एका प्रशस्त घराच्या शयनगृहातल्या भिंतीचा मधला अंश आहे. भोवतीची मोकळी भिंत, त्याच खोलीतल्या इतर आकृतींशी असलेलं तिचं नातं, दारातून येणारा उजेड, हे सगळं 1759 मध्ये कापणीत गेलं. तिचा जो एकटेपणा आपल्याला भावतो, तो चित्रकाराने दिलेला नाही, करवतीने दिला आहे. म्हणून चित्र कमी सुंदर ठरत नाही. पण कलाकाराच्या खात्यावर काय जमा करायचं आणि खोदणाऱ्यांच्या खात्यावर काय, हे तरी समजतं.

अलेक्झांडर आणि दारयवहू यांच्या लढाईचं मोझेइक हे याहून ठळक उदाहरण. पाँपेईतल्या ‘हाउस ऑफ द फॉन’ या भल्यामोठ्या घरात ते 1831 मध्ये सापडलं आणि 1843 मध्ये नेपल्सला आणलं गेलं. जवळजवळ सहा मीटर रुंद, त्यात दहा लाखांहून जास्त बारीक खडे. आज ते भिंतीवर उभं दिसायची सवय झाली आहे, पण मुळात ती जमीन होती. दोन अंगणांच्या मधल्या बैठकीत ते पायाखाली होतं. घरमालकाचे पाहुणे त्याच्या कडेने फिरत असणार, एकेका बाजूने थोडं थोडं पाहत असणार. भिंतीवर चढवल्यावर आपण ते एका नजरेत, एखाद्या चित्रपटाच्या पडद्यासारखं पाहतो. अलेक्झांडरची नजर, रथातून मागे वळलेला दारयवहू, घोड्यांची उलटसुलट गर्दी, सगळं एकदम अंगावर येतं. हा परिणाम जबरदस्त आहे, पण तो संग्रहालयाने घडवलेला आहे. त्या घराच्या मालकाला तो कधीच मिळाला नसणार.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. सौंदर्याला जन्मदाखला कशाला हवा? मूर्तीसमोर उभं राहिल्यावर मन भरून आलं, की तिची वंशावळ विचारणं हा पंडिती किडा झाला, असं अनेक रसिक म्हणतील. मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण तळमजल्यावरच्या फार्नेसे संग्रहात उभं आहे. गदेवर रेललेला, थकलेला हर्क्युलिस तीन मीटरहून उंच आहे. त्याचे स्नायू इतके फुगलेले की नुसत्या रसिकतेने बघणाऱ्याला तो भडक वाटतो. शेजारचा ‘फार्नेसे बैल’ तर एखाद्या टेकडीएवढा कोलाहल. ही दोन्ही शिल्पं सोळाव्या शतकात रोममध्ये, काराकाल्लाच्या स्नानगृहांच्या अवशेषांत सापडली. आजही उभ्या असलेल्या त्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना त्यांची उंची आठवेल. त्या अवाढव्य दालनात, शेकडो लोकांच्या वर्दळीत, दुरून आणि खालून दिसण्यासाठी ही शिल्पं होती. तिथे नाजूक मूर्ती हरवूनच गेली असती. म्हणजे मूळ जागा माहीत असणं हा रसास्वादाच्या शेवटी जोडायचा तपशील नाही; ती माहीत नसेल तर आपला निर्णयच चुकतो. मग ही शिल्पं रोमहून नेपल्सला का आली? पोप झालेल्या तिसऱ्या पॉलच्या फार्नेसे घराण्याचा वारसा एलिझाबेत्ताकडून तिचा मुलगा बोर्बन राजा चार्ल्स याच्याकडे गेला, आणि त्याचा मुलगा फर्डिनांड याने 1780 च्या दशकाच्या अखेरीस रोमची नाराजी पत्करून शिल्पं हलवली. थोडक्यात, आईच्या माहेरची इस्टेट. कापोदिमोन्तेच्या टेकडीवरच्या राजवाड्यात टिशियनने रंगवलेला हा तिसरा पॉल नातवंडांच्या गराड्यात बसलेला दिसतो. हे चित्रही त्याच वारशातून आलेलं आहे.

दुसरा आक्षेप उलट्या दिशेने येतो. प्रवास इतका महत्त्वाचा, तर मग वस्तू हलवूच नयेत. संग्रहालय हेच मुळात पाप. नेपल्समध्ये या मताला बळ देणारी जागा आहे. त्रिबुनाली रस्त्यावरच्या ‘पिओ मोन्ते देल्ला मिझेरिकोर्दिया’ या संस्थेच्या प्रार्थनामंदिरात काराव्हाज्जोचं ‘दयेची सात कृत्यं’ हे चित्र आहे. काही तरुण सरदारपुत्रांनी 1602 मध्ये ही धर्मादाय संस्था काढली, 1607 मध्ये वेदीसाठी हे चित्र तिला मिळालं, आणि पुढे थोड्याच वर्षांत चालकांनी ठरवलं की ते कोणत्याही किमतीला विकायचं नाही. उपाशी माणसाला अन्न, उघड्याला वस्त्र, कैद्याची भेट, मृताला माती, ही कृत्यं चित्रात एका काळोख्या गल्लीत घडतात, आणि चित्र पाहून बाहेर पडलं की आपण जवळपास तशाच गल्लीत येतो. संस्थेचं मदतकार्यही थांबलेलं नाही. त्याच वर्षीचं, त्याच काराव्हाज्जोचं ‘फटके खाणारा ख्रिस्त’ मात्र सान दोमेनिको माज्जोरे या चर्चमधून हलवून कापोदिमोन्तेला नेण्यात आलं. तिथे उजेड उत्तम, अंतर सोयीचं, गर्दी कमी. तरीही पहिलं चित्र मला अधिक कळलं, हे मी कबूल करतो.

पण एवढ्यावरून संग्रहालयाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं अन्यायाचं होईल. काराव्हाज्जोची आणखी काही चित्रं नेपल्समध्येच सांतान्ना देई लोम्बार्दी या चर्चमध्ये होती. ती जागेवरच राहिली आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या भूकंपात गेली. पाँपेईवर 1943 मध्ये दोस्तांच्या विमानांनी बाँब टाकले. नोव्हेंबर 2010 मध्ये तर कुठलंही युद्ध नसताना, पावसाच्या दिवसांत, तिथली ‘ग्लॅडिएटरांचं घर’ म्हणून ओळखली जाणारी वास्तू कोसळली. मोझेइक जमिनीवरच राहिलं असतं तर आज त्याचं काय झालं असतं, हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. शिवाय ‘मूळ जागा’ हीसुद्धा वाटते तितकी अढळ नसते. पिओ मोन्तेचं आजचं अष्टकोनी मंदिर चित्रानंतर अर्ध्या शतकाने नव्याने बांधलेलं आहे! चित्र टिकलं, त्याच्या भोवतीच्या भिंती बदलल्या. म्हणून माझं म्हणणं हलवाहलवीच्या विरोधात नाही. हलवल्याने काय वाचलं आणि काय गमावलं, हे दोन्ही पाहणाऱ्याला ठाऊक असावं, इतकंच.

मराठी वाचकासाठी या सगळ्याचं सर्वांत जवळचं उदाहरण पुरातत्त्व संग्रहालयाच्या ‘गुप्त कक्षा’त आहे. पाँपेईत सापडलेल्या कामुक वस्तू इथे वेगळ्या काढून ठेवल्या, त्या 1819 पासून. बोर्बन राजपुत्र पत्नी आणि मुलीसह संग्रहालय पाहायला आला आणि त्या वस्तू कुलपाआड ठेवाव्यात असं त्याने सुचवलं. पुढे एकदा तर दारच बांधून बंद केलं गेलं. सर्वांसाठी ही दालनं नीट उघडली ती थेट 2000 मध्ये. या वस्तूंच्या संगतीत जाऊन पडली ती सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंचीची एक भारतीय हस्तिदंती मूर्ती. पुरातत्त्वज्ञ अमेदेओ माइउरी यांना ती 1938 मध्ये पाँपेईतल्या एका घरात सापडली. दोन बाजूंना दोन छोट्या सेविका, भरगच्च दागिने, वस्त्र जवळपास नाहीच. तिला ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणू लागले. ती यक्षी असावी असं मानणारे अभ्यासक जास्त आहेत. तिच्यात वरून आरपार गेलेलं छिद्र सांगतं की ती पूजेची मूर्ती नव्हतीच. आरशाची मूठ किंवा एखाद्या चौरंगाचा पाय असावा. आपल्याकडे जे सौभाग्याचं आणि समृद्धीचं चिन्ह म्हणून सहज खपलं असतं, ते युरोपी संकोचामुळे गुप्त कक्षात गेलं. खोलीच्या नावाने वस्तूचा अर्थ कसा फिरतो, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

आणि ती आली कुठून? आधी मथुरेकडे बोट दाखवलं जाई. पुढे जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात तिच्याशी साम्य असलेले हस्तिदंती नमुने मिळाले, आणि म. के. ढवळीकर यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी भोकरदनच्या बाजूने मत दिलं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्तीही तिचीच बहीण शोभेल अशी आहे. पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर आहे, म्हणजे तिने वायव्येकडचाही हात पाहिला असावा. त्यामुळे वाद मिटलेला नाही. पण सातवाहनकाळात तगर म्हणजेच तेरचा माल भडोचच्या बंदरात जात होता, हे त्या काळच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेतच नोंदलेलं आहे. उलट दिशेने आलेला समुद्रदेव पोसायडनचा छोटा ब्राँझचा पुतळा कोल्हापूरला ब्रह्मपुरीत सापडला आणि तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. पाँपेईच्या घरात बसलेली बाई आणि पंचगंगेकाठी उतरलेला देव ही एकाच व्यापाराची दोन टोकं आहेत. केवळ ‘भारतीय मूर्ती, पहिलं शतक’ एवढी पाटी वाचून पुढे गेलो, तर हे सगळं हातातून निसटतं.

राहिला वेळेचा मुद्दा. चार दिवसांत इटली उरकणाऱ्याने वस्तूंचे प्रवास शोधत बसायचं कधी? माझं उत्तर साधं आहे: कमी पाहावं. एका दिवसात तीन संग्रहालयं धावून पाहण्यापेक्षा पुरातत्त्व संग्रहालयाचा एक मजला आणि पिओ मोन्तेतलं एक चित्र पुरे. पाँपेई आधी आणि संग्रहालय नंतर, असा क्रम ठेवला तर रिकाम्या भिंती आठवणीत ताज्या असतात आणि तुकडे आपोआप जागेवर बसू लागतात. चित्रं भिंतीवरच ठेवण्याची पद्धत पुढे रुजली, त्यानंतर खोदलेलं पाँपेईतलं वेट्टींचं घर 2023 मध्ये दुरुस्तीनंतर पुन्हा उघडलं आहे; ते चुकवू नये. आणि तेरला अजून गेला नसाल, तर रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय नेपल्सच्या आधी पाहून घ्या. नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद असतं, एवढं तेवढं सहल आखताना ध्यानात ठेवा.