पाचव्या पायरीवर थबकलेली मार्टिना

बागेत बदकं पाळणाऱ्याला एक टोमणा हमखास ऐकावा लागतो. ही कसली पाखरं, धड उडता येत नाही, अंड्यावर बसायचा कंटाळा, रानबदकाची नुसती फुगलेली नक्कल! टोमणा कुणा अडाण्याचा असता तर सोडून देता आला असता. पण त्याला शास्त्राचा अंगरखा चढवला तो प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लॉरेन्झ यांनी, आणि बदकाहंसांसाठी त्यांच्याइतका गवतातून रांगलेला माणूस विसाव्या शतकात दुसरा सापडायचा नाही. माणसाच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला प्राणी मूळ जातीच्या मानाने घसरतो, असं त्यांचं ठाम मत होतं. व्हिएन्नाजवळच्या अल्टेनबर्गमधलं त्यांचं स्वतःचं घर मात्र या मताविरुद्ध साक्ष देतं, आणि त्या घरातली मुख्य साक्षीदार मार्टिना नावाची हंसीण आहे.

आधी बदकाचं बघू, कारण सुरुवात तिथूनच आहे. सेल्मा लागरलॉफ यांची रानहंसांबरोबर उडणाऱ्या नील्सची गोष्ट ऐकून लहानग्या कोनराडला रानहंसच व्हायचं होतं. ते जमणारं नव्हतं, म्हणून निदान एक पाळायचा होता. तेही जमेना, तेव्हा दुधाची तहान ताकावर भागवून घरगुती बदकं आली. शेजाऱ्यांनी दिलेलं एका दिवसाचं पिल्लू या पोराच्याच मागे चालू लागलं. अंड्यातून बाहेर पडल्यावर सुरुवातीच्या ठरावीक काळात जे हलतं-बोलतं समोर दिसेल त्याची छाप पाखराच्या मनावर कायमची बसते, हा लॉरेन्झ यांचा 1935 मधला गाजलेला सिद्धांत. 1973 च्या नोबेलमागे याच वाटेवरचं काम होतं. त्या पिल्लाच्या व्यवहारात छाप आपल्यावरही बसली, असं ते स्वतः पुढे कबूल करत. पण ताक हलकं म्हणायचं, तर एवढं लोणी आलं कुठून? ते आलं घरातून. वडील अ‍ॅडॉल्फ लॉरेन्झ नावाजलेले अस्थिशल्यविशारद. त्यांनी जंगलातून एक ठिपकेदार सॅलॅमँडर आणला आणि पाच दिवसांनी सोडून द्यायची अट घातली. त्या बयेला 44 पिल्लं झाली, आणि त्यातली 12 वाढवली ती दाई रेझीने. प्राणी जगवण्याची हातोटी तिची होती, हे लॉरेन्झ यांनीच लिहून ठेवलं आहे.

मार्टिना मात्र घरगुती वाणाची नव्हती. ती राखी रानहंसाच्या, ग्रेलॅगच्या अंड्यातून आली. तिला एका पांढऱ्या पाळीव हंसिणीच्या पोटाखाली सारण्याचा बेत होता. पण पिल्लू रडत बाहेर आलं आणि माणसाकडे धावलं. मग रात्रभर थोड्याथोड्या वेळाने ते बारीक आवाजात ‘मी इथे आहे, तू कुठे आहेस’ असं विचारायचं आणि झोपेतल्या माणसाने हंसाच्या भाषेत ओ द्यायची. आठवड्याभराची झाल्यावर तिला उचलून न नेता जिन्याने वर झोपायच्या खोलीत चालवत न्यायचं ठरलं. पहिल्या संध्याकाळी अंधाऱ्या दिवाणखान्यात ती घाबरली आणि भ्यालेली पाखरं धावतात तशी उजेडाकडे, समोरच्या मोठ्या खिडकीकडे धावली. तिथे जरा शांत होऊन परतली आणि जिना चढली. पुढे रोज तेच. भीती गेली, खिडकीपाशी थांबणंही गेलं, वळसा तेवढा उरला. एकदा तिला आत घ्यायला उशीर झाला. काळोख पडत आलेला; दार उघडताच ती घाईने आत घुसली आणि वळसा चुकवून, नेहमीची डावी बाजू सोडून, थेट उजवीकडून जिना चढू लागली. पाचव्या पायरीवर ती एकाएकी थबकली. मान ताणली, पंख उघडले, धोक्याची हाक दिली. मग वळली, पाचही पायऱ्या उतरली, घाईघाईने खिडकीपर्यंत जाऊन आली आणि डाव्या बाजूने रीतसर पुन्हा चढली. पाचव्या पायरीवर थांबून तिने अंग झटकलं आणि सुटकेचा अभिवादनाचा आवाज काढला.

कुठल्याही दलदलीत ही रीत सापडणार नाही. तिथे ना जिना, ना खिडकी. हंसाच्या रक्तात ती नव्हती आणि माणसाने मुद्दाम शिकवलीही नव्हती. ती त्या घराच्या रचनेतून, एका भीतीतून आणि रोज संध्याकाळी न चुकता दार उघडणाऱ्या माणसातून तयार झाली. घराने मार्टिनाकडून काही हिरावून घेतलं असेल, पण हे तिला दिलंही. यावर कुणी म्हणेल, हा तर नुसता चाळा, बिघाडाचंच लक्षण. पण खुद्द लॉरेन्झ यांनी 1963 च्या पुस्तकात हा प्रसंग सांगितला तो बिघाड म्हणून नव्हे. सवयीची चाल कशी बनते आणि ती मोडली की भीती का दाटते, हे दाखवताना त्यांनी तिला माणसाच्या विधींशेजारी बसवलं. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: मार्टिना जन्माने रानटी, आणि प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या वाणाचा आहे. बहुतेक घरगुती बदकं मॅलार्ड या रानबदकापासूनच आली आणि त्याच्या मानाने जड झाली, पुष्कळ वाण उडेनासे झाले, काही अंड्यांवर बसतच नाहीत, हे खरंच आहे. पण वजन आणि अंडी पाहून जोड्या लावल्या आपण. जे मागितलं ते मिळाल्यावर त्याला घसरण म्हणणं हे निरीक्षण नव्हे, निवाडा आहे.

आणि हा निवाडा निरुपद्रवी राहिला नाही. लॉरेन्झ 1938 मध्ये नाझी पक्षात गेले आणि 1940 मध्ये पाळीव प्राण्यांच्या तथाकथित अधोगतीचा न्याय त्यांनी नाझींच्या भाषेत माणसांना लावला. पुढे या लिखाणाबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला. तरी 2015 मध्ये साल्झबर्ग विद्यापीठाने त्यांची मानद पदवी काढून घेतली. त्यामुळे मार्टिनाची गोष्ट खोटी ठरत नाही, आणि मार्टिनामुळे तो लेख धुतलाही जात नाही. उलट दोन्ही एकाच माणसाची म्हणून शेजारी ठेवली पाहिजेत. डोळ्यांनी पाहिलं तेव्हा ते अचूक होते. पाहिल्याशिवाय मोल ठरवलं तेव्हा घसरले.

राहिला शेवटचा आक्षेप: हे सगळं बड्या घरचं, मोठं परस राखायची ऐपत असलेल्यांचं. अगदी खरं. पण परस मोठं असलं म्हणून सोय होते असं नाही. त्या घरात कावळ्यांचे थोरले भाऊबंद, काकाकुवे आणि माकडं मोकळी फिरत, म्हणून लॉरेन्झ यांच्या पत्नीने बागेत मोठा पिंजरा उभारला आणि थोरल्या मुलीची बाबागाडी त्यात ठेवली. प्राणी बाहेर, मूल आत! या मार्गारेट स्वतः डॉक्टर. उंदरीने चादरी कुरतडल्या, काकाकुव्याने वाळत घातलेल्या कपड्यांची बटणं तोडली, हंसीण रात्र झोपायच्या खोलीत काढून सकाळी खिडकीतून उडून गेली, आणि त्यांनी ते चालवून घेतलं. ग्रेलॅगला घर घाण न करायची सवय लावताच येत नाही, असं लॉरेन्झ यांनी लिहून ठेवलं आहे. तेव्हा मार्टिनाच्या जिन्याचं श्रेय वाटताना फरशी कोण पुसत होतं, हेही विचारायला हवं.